एकतीस धावांत आटोपणाऱ्या शाळेचे माजी विद्यार्थी कुठे आहेत?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की दादर-माटुंग्यापासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत शाळाशाळांचे माजी विद्यार्थी क्रिकेट खेळायला मैदानात उतरतात. बॅचवार संघ, पाठीवर दहावीचे वर्ष छापलेले टी-शर्ट, टेनिस बॉल, सहा-सहा षटकांचे सामने, दुपारी पुलाव आणि संध्याकाळी चषक. मी स्वतः १९८१ च्या बॅचकडून दरवर्षी खेळतो आणि त्या एका रविवारची वर्षभर वाट पाहतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते माझ्याच माणसांना उद्देशून आहे.

यंदा दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत मी मैदानाच्या कोपऱ्यात गेलो. तिथे खेळपट्टी दाबायचा आमच्या वेळचा लोखंडी रोलर आहे. त्याची दांडी गंजून एका बाजूने तुटली आहे. काही वर्षांपूर्वी तिथे पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा तो जागचा हलेना म्हणून कंत्राटदाराने त्याच्याभोवतीच ब्लॉक बसवून टाकले. त्या ब्लॉकसाठी वर्गणी आम्ही माजी विद्यार्थ्यांनीच काढली होती. पावसाळ्यात चिखल होतो, मुलांचे बूट खराब होतात, असे कानावर आले आणि आम्ही लगेच पैसे दिले. त्या चिखलातच आमची खेळपट्टी होती, हे कोणाच्याच लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

त्याच कोपऱ्यात तेरा-एक वर्षांचा एक मुलगा आमचा टाकून दिलेला टेनिस बॉल घेऊन भिंतीवर लेगस्पिन टाकत होता. मनगट असे काही सुटत होते की मी दहा मिनिटे बघत उभा राहिलो. शाळेच्या संघात आहेस का, असे विचारले, तर म्हणाला, "संघच नाहीये, काका." मग त्यानेच मला विचारले, "सीझन बॉल खूप जड असतो का हो?" शाळांची गाइल्स शील्ड स्पर्धा खेळायच्या वयाच्या मुलाने सीझन बॉल, म्हणजे खऱ्या क्रिकेटचा कातडी चेंडू, हातातही धरलेला नाही. मागे तीस-पस्तीस वर्षांच्या बॅचेसमधले शंभरेक माजी विद्यार्थी नवे कोरे टी-शर्ट घालून पुलाव खात होते.

मुंबईला हे शोभत नाही. मुंबई शालेय क्रीडा संघटनेची स्थापना १८९३ सालची. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची ढाल सोळा वर्षांखालील मुलांसाठी आणि गाइल्सची चौदा वर्षांखालील मुलांसाठी. या दोन स्पर्धांवर या शहराचे क्रिकेट उभे राहिले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ असतात. पण त्या सामन्यात सेंट झेवियर्सच्या मुलांनी दोन दिवस ऊन खात क्षेत्ररक्षण केले, हेही खरे आहे. त्यांच्याकडून गोलंदाजी टाकणारा साईराज बहुतुले पुढे भारताकडून कसोटी खेळला. समोर असा संघ उभा होता, म्हणून ६६४ ला किंमत आहे.

आता जानेवारी २०१६ मधला कल्याणचा भंडारी चषकाचा सामना आठवा. प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या आणि जगभर नाव झाले. त्या मुलाचे कौतुक तसूभरही कमी करायचे नाही, इतका वेळ खेळपट्टीवर उभे राहणे हेच मोठे काम आहे. पण त्याच सामन्यात समोरची शाळा पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्या डावात ५२ धावांत आटोपली. त्या मुलांचे काय झाले, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. आमच्या शाळेने उद्या संघ उतरवला तर तोही एकतीसच्या आसपासच आटोपेल. तयारी असलेल्या मोजक्या शाळा आणि बाकीच्या बळी जाणाऱ्या, असे झाले की एक-दोन वर्षे मार खाऊन दुबळी शाळा प्रवेशिकाच भरायचे सोडून देते. आमच्या शाळेत हेच झाले.

ज्या मुलाला क्रिकेट खेळायचेच आहे, तो शाळा बदलतो. सचिननेही त्याचे प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला, आणि जाण्यायेण्याची दगदग नको म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. ज्याचे काका शिवाजी पार्कला राहत नाहीत, त्या मुलाने कुठे जायचे?

आमच्या वेळी शाळेतल्या मुलांना तयार करायचे काम शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले करायची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यातले तिघे-चौघे कांगा लीग खेळायचे. १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी ही लीग, त्यामुळे सामन्यानंतर चेंडू भिजून फुगलेला असायचा आणि शिवण वर आलेली असायची. ते चेंडू दादा लोक घरी पंख्याखाली वाळवून शनिवारी सकाळी आमच्या नेट्सना घेऊन यायचे. काथ्याचे मॅटिंग ओढून ताणायचे, हातोड्याने खिळे ठोकायचे, मग दोन तास आम्हाला गोलंदाजी टाकायची आणि तिथून परस्पर कॉलेजला जायचे. क्लब म्हणून त्यांची कुठे नोंद नव्हती, लेटरहेड नव्हते. आज आमच्याकडे नोंदणी आहे, बँकेत खाते आहे, तीनशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

कोलंबोत रॉयल आणि सेंट थॉमस या दोन शाळांचा वार्षिक सामना १८८० पासून अखंड चालू आहे. श्रीलंकेचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके सेंट थॉमसचे विद्यार्थी, आणि विजेत्या शाळेला मिळणारी ढाल त्यांच्याच नावाची. तिथले माजी विद्यार्थीही तंबू ठोकून गातात, नाचतात, जेवतात. पण मैदानात शाळेची मुले असतात आणि माजी विद्यार्थी बाहेर बसलेले असतात. आपण याच्या नेमके उलट करून बसलो आहोत.

पैशाची अडचण आहे, नाही असे नाही. बॅट, पॅड, हेल्मेट, चेंडू, सगळेच महागले आहे. तरी वार्षिक स्पर्धेच्या खर्चातून टी-शर्ट आणि ध्वनिक्षेपक वगळले तर एका शालेय संघाचे वर्षाचे किट बरेचसे उभे राहते, हा हिशेब मी आमच्याच जमाखर्चावरून मांडला आहे. खरी टंचाई माणसांची आहे. सामना आझाद मैदानावर कामाच्या दिवशी असतो आणि पी. टी. च्या सरांना वर्ग सोडून जाता येत नाही. मुलांना लोकलने नेणे, स्कोअरबुक घेऊन बसणे, डब्यांकडे लक्ष देणे, कोणाला लागले तर दवाखान्यात नेणे, यासाठी एक मोठे माणूस लागते. निवृत्त झालेले आम्ही निदान पंचवीस जण दादर ते मुलुंड या पट्ट्यात राहतो. त्यात एक निवृत्त पंच आहे, एक फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या बॅचच्या मुलींनाही यात घ्यायला हवे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्यानंतर शाळेतल्या मुली सरांना संघाबद्दल विचारू लागल्या आहेत. त्यांना काय उत्तर द्यायचे, हे सरांनाही सुचत नाही.

आम्ही सात जणांनी सुरुवात करायचे ठरवले आहे. शाळेने परवानगी दिली आहे. येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला रोलरभोवतीचे ब्लॉक उखडायचे आहेत, पहार आणि घमेली मिळाली आहेत, दांडीला वेल्डिंग करून देणारा बॅचमधलाच आहे. त्या लेगस्पिनरला मी सीझन बॉल देऊन आलो. दोन दिवस तो दप्तरात घेऊन फिरत होता, असे सर सांगत होते. इतर शाळांच्या माजी विद्यार्थी संघांनीही यंदाची स्पर्धा ठरवण्याआधी एकदा आपल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटावे, एवढी विनंती.

आणि एक विनंती आपल्याला. एके काळी शालेय सामन्यात तीस धावा केल्या की वर्तमानपत्रात नाव यायचे. छोट्या सचिनच्या २४ धावा झाल्या होत्या, तेव्हा नाव छापून यावे म्हणून स्कोअररने अवांतर सहा धावा त्याच्या नावावर टाकल्या आणि आचरेकर सरांनी त्याबद्दल त्याला चांगलेच सुनावले, हा किस्सा त्याने स्वतःच सांगितला आहे. छापील नावाची ओढ त्या वयात एवढी असते. हॅरिस आणि गाइल्सचे धावफलक, हरलेल्या शाळांसकट, पुन्हा नियमित छापा. तीस धावांची अट ठेवलीत तरी चालेल.

आपला,
एक माजी विद्यार्थी (दहावी, १९८१)
दादर, मुंबई