मंद्या, हेडसेट ठेवू की परत करू?

प्रिय मंद्या,

गणपतीनंतर तुला एकही धड मेसेज नाही, वाढदिवसालासुद्धा एका ओळीवर उरकलं. त्यावर काय सुनवायचं ते फोनवर सुनव. व्हॉइस नोटच पाठवणार होतो, पण विषय लांबडा आहे आणि इथे तो ऐकून घेणारं कोणी नाही. सायली म्हणते, "आवडला तर ठेव, नाही तर परत कर." बापू म्हणतो, हजार रुपयांत ब्लूटूथवाला मिळतो. म्हणून तुला लिहायला बसलो.

तब्येत ठीक. बाबांची शुगर आटोक्यात आहे. कानाचा ऑडिओग्राम काढला, म्हणजे कुठल्या पट्टीचं किती ऐकू येतं त्याचा आलेख. डाव्या कानाला ४००० हर्ट्झच्या आसपास, वरच्या पट्टीत, खड्डा निघाला, उजवा बरा आहे. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्यांचा खड्डा बहुतेक इथेच पडतो म्हणे, कारखानेवाले काय आणि ढोल-ताशा पथकवाले काय. गोळ्याबिळ्या काही नाहीत. वर्षाने परत दाखवायचं. झालं.

आता मुद्द्याचं. मी ऑडिझी कंपनीचा मॅक्सवेल हा गेमिंग हेडसेट घेतलाय. तीस हजारांच्या घरात गेला. परत करायची मुदत रविवारी संपते आणि माझं काही ठरत नाहीये.

झालं असं की एका शनिवारी गोट्या, निनाद आणि मी काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट-टू नकाशावर होतो. मी बी साइट (बॉम्बची जागा) धरून उभा, बोगदा डाव्या हाताला. तिकडून एकजण आला आणि चक्क सुरी मारून गेला. मला वाटलं शिफ्ट दाबून दबकत आला असेल. निनाद म्हणाला, "काका, तो धावत आला. मला तुमच्या स्क्रीनवरूनच कळलं असतं." तू हसशील, हस. पण पुढचे दोन-तीन शनिवार मी लक्ष ठेवलं तेव्हा कळलं की डावीकडची पावलं मला ऐकू येतात, पण ती डावीकडून येत नाहीत. समोरून, कधी थोडी उजवीकडून आल्यासारखी वाटतात. हे सायलीला किंवा बापूला कसं सांगणार? तुला सांगता येतं, कारण टिळक रोडच्या गेमिंग कॅफेत काउंटर-स्ट्राइकची जुनी १.६ आवृत्ती खेळताना "बोगद्यात दोघं आहेत, एक जण थांबलाय" हे तू नुसत्या कानावर सांगायचास. (माझं मत अजून तेच आहे: तिथल्या हेडफोनमधून ते ऐकू येणं शक्य नव्हतं, तू राजाच्या स्क्रीनकडे बघायचास. कोपऱ्यातलं मशीन पकडायला पंधरा मिनिटं आधी यायचास ते उगाच नाही.)

जुन्या हेडसेटचं रेक्झीन दोन पावसाळ्यांतच सुटलं होतं. काळे पापुद्रे गालाला, उशीला, सगळीकडे. आपल्याकडच्या दमट हवेत पॉलीयुरेथेनचं असंच होतं, पाणी त्याचे बंध तोडत जातं. तेव्हा नवा घ्यायचाच होता. म्हटलं घेतोच आहोत तर चांगला घेऊ, आणि कानाचा प्रश्नही सुटतो का बघू.

वायरलेस का, हे तू विचारणारच. बाबा रात्री हाक मारतात. वायर असली की प्रत्येक वेळी डोक्यावरून काढा, टेबलावर ठेवा, परत घाला. वायरलेस असला की तसाच उठून जातो, पाणी देतो, परत येतो, आणि तोवर गोट्याच्या शिव्या ऐकू येत राहतात. मात्र बापूचा ब्लूटूथवाला सल्ला कामाचा नाही. साध्या एसबीसीवर (ब्लूटूथची आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो. तेवढ्या वेळात माणूस कोपरा वळून गोळी घालून मोकळा होतो. त्याहून वाईट म्हणजे आपण बोलायला माइक उघडला की नेहमीचं ब्लूटूथ फोनकॉलच्या प्रोफाइलवर उतरतं. आवाज मोनो होतो, सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे नमुने घ्यायचा वेग, ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं. मोनो म्हणजे डावं-उजवं संपलंच. म्हणून या महाग हेडसेटना २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा डोंगल असतो. निम्मे पैसे खरं तर त्या डोंगलच्या भरवशाचेच.

डोंगलने पहिल्या रात्री छळलं. मधूनच चरचर, मधूनच तुटणं. डबा पॅक करून परत पाठवणार होतो. मग लक्षात आलं की तो सीपीयूच्या मागे, बॅकअपच्या हार्ड डिस्कला चिकटून लावलाय. यूएसबी ३.० चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडते, इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. एक एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणला, चरचर गेली. तुझ्याकडे माउस अडखळतो म्हणत होतास ना? डोंगल कुठे खोचलाय ते बघ आधी.

आवाज मात्र काय सांगू. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, प्लेनार जातीचा आहे, ९० मिलिमीटरचा. आपल्या नेहमीच्या हेडफोनमध्ये पडद्याच्या मधोमध कॉइल चिकटवलेली असते आणि ती पडदा ढकलते. इथे पातळ फिल्मवरच वाहक पट्ट्या असतात, शेजारी चुंबकांची रांग, आणि सगळी फिल्म एकदम हलते. ही कंपनी मुळात संगीत ऐकणाऱ्यांसाठी हेडफोन बनवणारी, कॅलिफोर्नियाची. २०२३ मध्ये सोनीने विकत घेतली. बॅटरी ऐंशी तासांवर चालते, त्यामुळे चार्जिंग हा विषयच डोक्यातून जातो. वजन ४९० ग्रॅम. अर्धा किलो साखर डोक्यावर, असं सायली म्हणाली.

एवढं करूनही पावलं समोरूनच येत होती. आणि यायचीच. कान दिशा ओळखतात ती दोन गोष्टींवरून: जवळच्या कानात आवाज आधी पोचतो, जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद आधी, आणि तो तिथे मोठा असतो. वरच्या पट्टीत भार मोठेपणावर जास्त. पावलांमधला जो करकरीत भाग आहे, वाळू, लोखंडी जिना, त्यातला बराचसा नेमका माझ्या खड्ड्यात पडतो. हेडसेट तीस हजारांचा असो की तीनशे रुपयांचा, तो दोन्ही कानांना चोख सारखं देणार, आणि माझा डावा त्यातलं थोडं खाणार.

पहिल्यांदा विंडोजमध्ये डावा चॅनल वाढवला. त्याने गोळीबार, ढोल, माणसांचे आवाज, सगळंच डावीकडे झुकलं, कारण खालच्या पट्टीत माझे दोन्ही कान सारखेच आहेत. हेडसेटच्या ॲपमध्ये दहा पट्ट्यांचा इक्वलायझर (एकेक पट्टी कमी-जास्त करायची सोय) आहे, तो दोन्ही कानांना एकच लागतो. मग इक्वलायझर एपीओ सापडलं. फुकट आहे, ओपन सोर्स, दिसायला रेल्वेच्या चौकशी खिडकीसारखं, पण त्यात डावा-उजवा वेगळा करता येतो. ऑडिओग्राम शेजारी ठेवून बसलो. फक्त डाव्या चॅनलवर ४००० हर्ट्झला ६ डेसिबलचा उंचवटा, आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी ६ ने खाली.

तपासायला काय लावलं असेल? गोट्याने अलका चौकात रेकॉर्ड केलेलं आपलं वादन. तो अगदी समोर उभा होता, तुम्ही ताशेवाले मधोमध, आम्ही ढोल दोन्ही बाजूंना. ते रेकॉर्डिंग मी दरवर्षी ऐकतो, आणि गेली काही वर्षं त्यात ताशे मला उजवीकडे वाटायचे. मी समजत होतो की गोट्याने रेकॉर्डर तिरका धरला. एपीओ चालू केलं आणि मंद्या, तुझा ताशा मधोमध आला. तुझी ती तर्री (ताशाची सलग कडकड), शेवटच्या हाताला काडी घासून उचलायची सवय, नाकासमोर. बंद केलं की उजवीकडे, चालू केलं की मध्ये. मी ते किती वेळ करत बसलो ठाऊक नाही. सायली दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही. खरं तर हे पत्र यासाठीच आहे, हेडसेट नंतर.

त्यानंतरच्या शनिवारी बोगदा डावीकडे होता. एकदम पूर्वीसारखा नाही, पण डावीकडे.

आता पेच असा. काम केलं फुकटच्या सॉफ्टवेअरने, मग तीस हजारांचं काय? माझ्या मते पैसे अगदी वाया नाहीत. स्वस्तातल्या जुन्या हेडसेटवर हाच उंचवटा देऊन पाहिला तर आवाज कर्कश झाला, काच खरवडल्यासारखा. मॅक्सवेलवर तो स्वच्छ वाढतो. पण मधल्या काळात निनादचा हेडसेट आठवडाभर मागून आणला, स्टीलसिरीजचा आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेस, आणि तिथून मी अडकलोय.

तो ३३८ ग्रॅमचा. ड्रायव्हर साधे, ४० मिलिमीटरचे. तुझा ताशा त्यावर एवढा सुटा ऐकू येत नाही, हे नक्की. पण त्याला दोन बॅटऱ्या येतात: एक हेडसेटमध्ये, दुसरी टेबलावरच्या बेसमध्ये चार्ज होत असते. संपली की कानावरचं झाकण काढायचं, बदलायची. चार वर्षांनी बॅटरी थकली तर नवी बॅटरी घ्यायची, नवा हेडसेट नाही. माझ्या दृष्टीने महाग वायरलेस वस्तूत ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि दुकानात कोणी तिच्याबद्दल बोलत नाही. शिवाय बेसचं वायरलेस आणि ब्लूटूथ एकाच वेळी चालतं, खेळताना फोन आला तर त्यातच घेता येतो.

आणि त्यात नॉइज कॅन्सलिंग आहे. पंखा, एसी, खालच्या बेकरीचा जनरेटर, असा एकसुरी घुमणारा आवाज तो गिळतो. कुकरची शिट्टी गिळत नाही, बोलणंही फारसं नाही. बटण दाबलं की बाहेरचं ऐकू येतं, म्हणजे बाबांची हाकही. तो घातल्यावर मी आवाजाचा आकडा आपोआप खाली आणला, ठरवून नाही. हेच मला महत्त्वाचं वाटतंय. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबल ४० तास असा आहे, आणि ९० डेसिबल झालं की फक्त ४ तास. पंख्यावर मात करायला आपण नकळत चार-सहा डेसिबल चढवतो, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. आधीच एक खड्डा आहे, तो आणखी खणायचा नाहीये मला.

अजून एक सांगतो. स्टीलसिरीज २०२२ मध्ये जीएन नावाच्या डॅनिश कंपनीने विकत घेतली. १८६९ साली तारायंत्राच्या धंद्यात सुरू झालेली कंपनी, आणि तिचं मोठं काम काय, तर श्रवणयंत्रं! ऑडिओग्राम टाका, डाव्या-उजव्या कानाला हवं तसं वाढवून देतो, असं गेमिंग हेडसेटमध्ये कोणीतरी करायला हवं रे. आपल्या वयाचे लाखभर तरी असतील असे खेळणारे, आणि सगळ्यांना वाटत असेल की हात मंदावले.

तर कानासाठी निनादवाला, ताशासाठी मॅक्सवेल. माझं मन साठ-चाळीस निनादवाल्याकडे आहे, पण ते अलका चौकाचं रेकॉर्डिंग लावलं की उलटं होतं. माइकचं मी धरतच नाही. गोट्याला दोन्हीत मी सारखाच ऐकू येतो, सर्दी झाल्यासारखा.

तुझं काय चाललंय? काकूंच्या गुडघ्याची तारीख ठरली का? डिसेंबरमध्ये असेल तर सायली आठवडाभर राहायला जाईल म्हणाली, संकोच करू नकोस. ईशाच्या दहावीचं फार डोक्यात घेऊ नकोस, ती तुझ्यापेक्षा तिच्या आईवर गेली आहे. आणि तुमच्या दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी झाली, तेव्हा "शुक्रवार असता तर आलो असतो" हे निमित्त आता चालत नाही. शनिवारी साडेदहाला ये. चौथी जागा अजून रिकामीच ठेवतो आम्ही. गोट्या परका माणूस घेऊच देत नाही.

एक काम कर, यात टाळाटाळ नको. दुबईत कुठेही ऑडिओग्राम काढ. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ढोलावर होतो, तू ताशावर, ताशाला तुझे कान माझ्यापेक्षा कितीतरी जवळ. कानात कापूस घालायचास हे मला आठवतंय, पण कापसाने फार काही अडत नाही. कागद हातात आला की फोटो पाठव, तुझ्यासाठी एपीओची फाइल मी बनवून देतो. निघाला नाही काही तर उत्तमच, मग राजाच्या स्क्रीनचा वाद पुन्हा काढू.

आणि उत्तर शनिवारच्या आत दे, रविवारी मुदत संपते. "वायर घे" एवढंच लिहिणार असशील तर कुठला घेऊ तेही लिही.

तुझा,
अभ्या