जाळीवरून परतलीस त्याविषयी

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोलता बोलता तू मध्येच विचारलेस, "बाबा, सिंगापूरला त्या उंच टांगलेल्या जाळीवर मी बसून राहिले तेव्हा तुम्ही मला पुढे ये म्हणून हाक का मारली नाहीत?" आणि मी काही बोलणार तोच तुमच्या वसतिगृहात जेवणाची घंटा झाली. हा प्रश्न मे महिन्यापासून तुझ्या मनात घोळत असणार, हे तुझ्या आवाजावरून मला कळले. घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर देऊन तो विषय संपवावा असे मला वाटले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

तू परतलीस याचे मला त्या दिवशीही वाईट वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही, हे आधी सांगून टाकतो. दोघे आतेभाऊ पलीकडच्या टोकाला उभे राहून हसले, आणि रात्री स्वयंपाकघरात एकट्याने पाणी प्यायला जायला घाबरणारा तुझा धाकटा भाऊ सरळ धावत पलीकडे गेला, हे तुला लागले होते. संध्याकाळी आत्याच्या घरी तू जेवताना कोणाशी बोलली नाहीस, तेही मी पाहिले होते. परंतु त्या वेळी समजूत घालायला गेलो असतो तर ती सगळ्यांसमोर झाली असती आणि तुला ती आणखी टोचली असती.

आता त्या जाळीविषयी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरची ज्युएल ही वास्तू २०१९ च्या एप्रिलमध्ये खुली झाली आणि तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावरची कॅनोपी पार्क ही बाग त्याच वर्षी जूनमध्ये सुरू झाली. ज्यांनी पंजाबात आनंदपूर साहिब येथे विरासत-ए-खालसा हे संग्रहालय उभारले, त्या वास्तुरचनाकार मोशे साफदी यांनीच ज्युएलचा आराखडा केला आहे. वर्षभर उकाडा आणि कोणत्याही क्षणी कोसळणारा पाऊस अशा बेटावर मुलांना दिवसभर बागडता यावे म्हणून अख्खी बागच काचेच्या घुमटाखाली आणण्याची ही कल्पना मला मनापासून आवडली. नऊ हजारांहून अधिक काचा बसवलेल्या त्या घुमटाच्या मधल्या भोकातून ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळते. ताना मेराला गाडी बदलून आपण विमानतळाच्या स्थानकावर उतरलो आणि चालत आत शिरलो, तेव्हा तो धबधबा दिसताच आजी जागच्या जागी थांबली आणि तिने हात जोडले, ते तुला आठवत असेल. घुमटावर पडणारे पावसाचे पाणी साठवून याच धबधब्यासाठी आणि झाडांसाठी वापरतात, हे काकांनी सांगितल्यावर तिला फार समाधान वाटले. दुष्काळी माणदेशात वाढलेल्या बाईला ते वाटणारच.

वर बागेत गेल्यावर तुम्ही चौघे आधी उड्या मारायच्या जाळीवर गेलात. ती जाळी एकूण २५० मीटर लांब आहे आणि जमिनीपासून तिची जास्तीत जास्त उंची ८ मीटर, म्हणजे आपल्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याइतकी. तिथे तू सर्वांच्या पुढे होतीस. उतरत्या भागावरून तू बसून घसरत गेलीस, वळणावर आतेभावाला मागे टाकलेस आणि बाहेर आलीस तेव्हा तुझ्या दोन्ही कोपरांवर जाळीचे चौकोन उमटले होते. त्यानंतर तासाभराने चालायच्या जाळीवर गेलात. ती ५० मीटर लांब आहे आणि सर्वांत उंच ठिकाणी जमिनीपासून २५ मीटरवर टांगलेली आहे. तिथे साधारण एक तृतीयांश अंतर गेल्यावर तू थांबलीस, हळूच खाली बसलीस, दोन्ही हातांची बोटे जाळीच्या घरांत अडकवलीस आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलेस. मी चार-पाच पावले मागे होतो.

एका जाळीवर बागडणारी मुलगी दुसऱ्या जाळीवर अडते याचे तुझ्या भावंडांना हसू आले, परंतु त्यात हसण्यासारखे काही नव्हते. माणूस तोल सांभाळतो तो तीन खबरींच्या आधारे: डोळ्यांची, कानाच्या आतल्या तोल राखणाऱ्या अवयवाची आणि तळपाय व सांधे यांची. आपण स्थिर उभे आहोत असे वाटते तेव्हाही शरीर किंचित पुढेमागे झुलत असते, आणि जवळची भिंत, कठडा, झाड यांच्याकडे पाहून डोळे ते झुलणे ओळखतात आणि सावरून घेतात. जवळ असे काहीच नसेल आणि नजर जाईल तिथे सगळे दूरच असेल, तर ते बारीकसे झुलणे डोळ्यांना कळत नाही. मग शरीर अधिक झुलते, कानाची आणि डोळ्यांची खबर जुळेनाशी होते आणि पोटात गोळा येतो. त्यात पायाखाली जाळी असली म्हणजे तळपायांची खबरही बिनभरवशाची. उड्या मारायच्या जाळीवर खालची बाग जवळ होती, नजरेला धरायला काहीतरी होते. वरच्या जाळीवर तुझ्या बुटांखाली एकदम खोल दिसत होते. तेव्हा तू घाबरलीस याचा अर्थ तुझे डोळे आणि कान आपापले काम चोख करत होते. आणि तू खाली बसलीस, हे तर त्या क्षणी करण्यासारखे सर्वांत योग्य होते, कारण बसल्यावर झुलणे कमी होते आणि हातांना धरायला जवळचे काहीतरी मिळते. तुला ते कोणी शिकवले नव्हते.

जाळी तुटेल असेही तुला वाटले होते, असे तू नंतर आईला सांगितलेस. पुलांचे आराखडे तपासणाऱ्या बापाने याचे उत्तर द्यायलाच हवे, आणि तू आता विज्ञान शाखेला आहेस म्हणून आकडे देऊनच देतो. आपल्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी घे. ती ६ मीटर लांब आहे आणि तिच्या बरोबर मध्ये ५० किलोचे ओझे लटकवले आहे असे धर. दोरी मध्यभागी ६० सेंटिमीटर खाली आली, तर तिच्यात सुमारे १२५ किलोइतका ताण येतो. तीच दोरी तू इतकी ताणून बांधलीस की ओझ्याखाली ती केवळ ६ सेंटिमीटर झुकली, तर ताण दहापट, म्हणजे सुमारे १२५० किलो होतो. ओझे तेच, दोरी तीच. फरक फक्त झुकण्यात. जाळीत तर एकाच दोरीवर भार नसतो. प्रत्येक गाठीपाशी तो वाटला जातो आणि असंख्य मार्गांनी कडेच्या जाड दोरांपर्यंत पोहोचतो. एखादा धागा गेला तरी शेजारचे धागे त्याचा भार उचलतात. तुझ्या पायाखाली जाळी खचली तेव्हा तू दचकलीस, पण ते खचणे आराखड्यात धरलेलेच असते. जाळी फळीसारखी कडक असती तर मला काळजी वाटली असती. आत सोडण्यापूर्वी पाय झाकणारे बूट आहेत ना हे पाहतात, खिशातल्या सुट्या वस्तू कपाटात ठेवायला लावतात, मुलांची उंची बघतात, हे तुम्हा मुलांना कंटाळवाणे वाटले, पण वरून पडलेला एखादा मोबाईल खालच्या माणसाच्या डोक्यात बसला तर काय होईल याचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवला आहे, हे पाहून माझा त्या जागेवरचा विश्वास वाढला. ही गणिते मला त्या वेळीही ठाऊक होती, म्हणून तू बसलीस तेव्हा तुझ्या जिवाला धोका आहे असे मला क्षणभरही वाटले नाही.

मग हाक का मारली नाही, हा तुझा खरा प्रश्न.

१९६० मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका टेबलावर जाड काच बसवली. तिच्या अर्ध्या भागाखाली चौकड्यांचे कापड काचेला लागून होते आणि उरलेल्या अर्ध्या भागाखाली तेच कापड बरेच खाली जमिनीवर होते. म्हणजे एका बाजूला कडा तुटल्याचा भास, पण काच सलग. रांगणारी ३६ बाळे त्यावर ठेवली आणि त्यांच्या आयांनी पलीकडून बोलावले. मधल्या फळीवरून जी २७ बाळे हलली, ती सगळी उथळ बाजूने आईकडे गेली. खोल बाजूच्या काचेवर मात्र त्यांतली केवळ ३ गेली. काही बाळांनी काच हाताने थोपटून पाहिली, ती घट्ट असल्याचे हाताला कळले, तरी डोळ्यांचे ऐकून ती मागे फिरली. आईची हाक होती, काच भक्कम होती, आणि तरीही.

पुढे १९८५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग वर्षाच्या बाळांवर केला, पण त्यांनी काचेखालची खोली कमी ठेवली, इतकी की बाळाला जावे की न जावे असा संभ्रम पडावा. आयांना त्यांनी काही बोलू दिले नाही, फक्त चेहऱ्यावर ठरलेला भाव ठेवायला सांगितला. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ बाळे पलीकडे गेली. चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. तू लहान असताना हे वाचले होते आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही. आपल्या मुलाच्या पायाखाली काय आहे हे ते आपल्या चेहऱ्यावर वाचते, ही केवढी मोठी जबाबदारी आहे!

त्या दिवशी तू मागे वळून पाहिलेस तेव्हा मला हेच आठवले. मी हसून "ये, ये, काही होत नाही" म्हणालो असतो तर तू बहुधा गेली असतीस, कारण माझ्या शब्दावर तू आजवर पुष्कळ गोष्टी केल्या आहेस. पण तू आता वर्षाचे बाळ नाहीस, सोळा वर्षांची आहेस. पुढे जावे की मागे फिरावे हे तू त्या क्षणी स्वतः ठरवत होतीस, आणि तुला खाली काय दिसते आहे, हातांना काय लागते आहे, पोटात काय होते आहे, हे माझ्याहून तुलाच अधिक ठाऊक होते. माझ्या हसण्याने तो निर्णय माझा झाला असता. शिवाय पलीकडून दोघे आधीच ओरडत होते, त्यात माझा आवाज मिसळला असता तर तू माझ्यासाठी गेलीस की त्यांच्यासाठी, हे तुलाही कळले नसते. म्हणून मी चेहरा शक्य तितका साधा ठेवला, जाळीवर खाली बसलो आणि वाट पाहिली. तू वळून माझ्याकडे रांगत आलीस, तेव्हा मी हात पुढे केला. तो आधी केला नव्हता, हेही तुझ्या लक्षात आले असेल. आपण दोघे बाहेर येईपर्यंत मी काही बोललो नाही, ते रागाने नव्हे. तुझा श्वास चढला होता आणि तो आधी खाली बसावा एवढेच माझ्या डोक्यात होते.

तुझ्या आईचे मत याबाबतीत वेगळे आहे. तिच्या मते मी पुढे होऊन तुझा हात धरायला हवा होता आणि दोघांनी मिळून पार जायला हवे होते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण धरलेल्या हातानेही धीर येतो आणि एकदा पार गेलेले माणूस दुसऱ्यांदा सहज जाते. तरीही तुझ्याबाबतीत मी तसे करणार नाही, कारण तू न विचारता दिलेला हात तुला लहानपणापासून आवडत नाही. सायकल शिकतानाही तू मला मागची सीट सोडायला लावली होतीस.

आजीची गोष्ट मात्र तू पाहिली नाहीस, कारण तेव्हा तुम्ही मुले झुडपांच्या भूलभुलैयात गेला होता. ती काकांबरोबर कॅनोपी पुलावर गेली होती. तो पूलही ५० मीटर लांब आणि २३ मीटर उंचीवर, आणि मध्ये पायाखाली काच. काकांना वाटले, ती काचेपाशी थांबेल. तिने पदर खोचला, उजवा हात कठड्यावर ठेवला, नजर समोरच्या पाण्यावर लावली आणि सरळ चालत पलीकडे गेली; कठड्यावरून तिचा हात एकदाही सुटला नाही. पलीकडे गेल्यावर ती काकांना म्हणाली, "मी कठड्याकडे आणि पाण्याकडे बघितलं, पायाखाली बघितलंच नाही." वर तोल सांभाळण्याविषयी जे एवढे लांबलचक लिहिले, ते तिला असे एका वाक्यात ठाऊक आहे. चालायच्या जाळीवरही कडेचा दोर आहे. तू मधून चालत होतीस.

आत्याने पुढच्या मे महिन्यात पुन्हा बोलावले आहे आणि आजीला तो धबधबा रात्रीच्या दिव्यांत पाहायचा आहे, म्हणून आपण जाणार हे जवळजवळ नक्की आहे. बागेच्या तिकिटात जाळी येत नाही, तिचे तिकीट वेगळे असते. तुझे काढायचे की नाही ते तिथे पोहोचल्यावर सांग, आधी सांगायची गरज नाही. काढले आणि अर्ध्यातून परत यावेसे वाटले तरी मी मागे चार-पाच पावलांवर असेन. दोरीच्या ताणाचे गणित तेवढे वहीत करून बघ. झुकणे ३० सेंटिमीटर धरलेस तर ताण किती येतो ते पुढच्या फोनवर मला सांग.

प्रकृतीला जप. वसतिगृहातल्या जेवणात ताक घेत जा. आजीचे आणि आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा