माझ्या आमदाराने काय मत दिले, ते मला कागदावर हवे आहे

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई

विषय : नागरिकाच्या स्वातंत्र्यावर बंधन आणणाऱ्या प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतदान घेण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर मी ३१ वर्षे टंकलेखनाचे काम करतो. सुरुवातीला रेमिंग्टन होते, कार्बन घालून चार प्रती काढायचो. आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. जामीनअर्ज, प्रतिज्ञापत्रे, चॅप्टर केसमधले (शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याच्या प्रकरणांतले) जबाब, तडीपारीच्या नोटिशींची उत्तरे, असे सगळे माझ्या हाताखालून जाते. मी कायदा शिकलेलो नाही. पण कायदा कागद होऊन माणसाच्या हातात पडतो, तेव्हा तो माणूस त्या कागदाकडे कसा बघतो, हे रोज पाहतो. म्हणून हे पत्र.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक बाई मुलाच्या नावाने आलेली कारणे दाखवा नोटीस घेऊन आल्या. मुलगा २३ वर्षांचा, वागळे इस्टेटच्या बाजूला वडापावच्या गाडीवर कामाला. मारामारीच्या दोन केसेस, एकीत निर्दोष सुटलेला, दुसरी अजून सुरू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली त्याला हद्दपार का करू नये, असा सवाल. नोटिशीच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते की सदर इसमाने कळवा परिसरात दहशत निर्माण केली आहे. बाई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही कळव्याला कधी राहिलोच नाही." वकीलसाहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि मी उत्तरात तसे टाइप केले. आधीच्या कोणाच्या तरी नोटिशीतला परिच्छेद उचलून इथे चिकटवला होता, हे आम्हा टंकलेखकांना लगेच कळते. आम्हीही भाडेकरार करताना जुनी फाइल उघडूनच नवी करतो. पण आमच्या चुकीने कोणी घराबाहेर जात नाही.

आणखी एक वाक्य मला पाठ झाले आहे : "साक्षीदार आपल्या जीवितास व मालमत्तेस धोका पोहोचेल या भीतीने उघडपणे साक्ष देण्यास पुढे येत नाहीत." कायद्याला ही अट लागते, म्हणून ते प्रत्येक नोटिशीत येते, थोड्याफार फरकाने त्याच शब्दांत. साक्षीदार कोण, त्याने काय सांगितले, कोणत्या तारखेची घटना, हे उत्तर देणाऱ्याला कळत नाही. मग उत्तर कशाचे द्यायचे? वकीलसाहेब सांगतात, "लिहा, सदर मजकूर मोघम असून मान्य नाही." मी ते वाक्य इतक्या वेळा टाइप केले आहे की बोटे आपोआप चालतात.

त्या मुलाला दोन वर्षांसाठी ठाणे, मुंबई, मुंबई उपनगर, रायगड आणि पालघर या जिल्ह्यांतून बाहेर काढले. दोन वर्षे ही कायद्याने दिलेली कमाल मुदत. एवढीच का, सहा महिने का नाहीत, याबद्दल हुकुमात एक ओळ नव्हती. अपील कुठे करायचे? तीस दिवसांत, राज्य सरकारकडे. म्हणजे हुकूम पोलिसांचा आणि त्यावरचे अपील पोलिसांच्याच वरच्या खात्याकडे. मुलगा नाशिक जिल्ह्यात मामाकडे गेला. बाई अधूनमधून येतात, स्टुलावर बसतात आणि विचारतात, तारीख लागली का.

खंडणी मागणारे, कोयता घेऊन फिरणारे लोक शहरात आहेत आणि त्यांचा ताप आधी आमच्यासारख्यांनाच होतो. पोलिसांच्या हातात अधिकार नकोत, असे मी म्हणत नाही. अधिकार वापरणाऱ्याने कारण लिहिले पाहिजे आणि त्या कारणाचा हिशेब कोणीतरी मागितला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका तडीपारीच्या प्रकरणात हेच सांगितले : तडीपारी हा असाधारण उपाय आहे, त्याने माणसाचे संचारस्वातंत्र्य जाते, घर आणि रोजगार तुटतो, म्हणून तो क्वचितच वापरावा, आणि कमाल मुदत लावायची तर तिचे कारण नोंदवावे. तो निकाल लिहिला न्या. अभय ओक यांनी. त्यांनी वकिली सुरू केली ती आमच्या ठाण्याच्या कोर्टात. त्या निकालाची प्रत मी माझ्या खणात ठेवली आहे. वकील मागतात, मी देतो. नोटिशींतला परिच्छेद मात्र तसाच आहे.

आता आपल्याकडे का लिहितो, ते सांगतो. न्यायालय एकेक हुकूम रद्द करू शकते. पण तो हुकूम काढण्याचा अधिकार विधिमंडळाने दिलेला आहे, आणि दिलेला अधिकार कसा वापरला गेला हे विचारण्याची जागाही विधिमंडळच आहे. एका वर्षात ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतून किती माणसे तडीपार झाली, त्यातल्या किती जणांचे हुकूम अपिलात किंवा उच्च न्यायालयात टिकले नाहीत, याचा हिशेब दरवर्षी सभागृहापुढे ठेवलाच पाहिजे, असे १९५१ च्या त्या कायद्यात कुठे लिहिलेले नाही. अधिकार दिला आणि पंचाहत्तर वर्षे तो दिलेलाच राहिला.

त्याच कायद्याचे कलम ३७ घ्या. ठाण्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोटी बातमी येते : आयुक्तालय क्षेत्रात मनाई आदेश जारी. शस्त्रे, लाठ्या, दगड बाळगण्यास बंदी, ते ठीकच. पण त्याच यादीत घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, पाच किंवा अधिक व्यक्तींनी जमणे, सभा घेणेही असते. लग्न आणि अंत्ययात्रा वगळलेल्या असतात. जमावबंदी पंधरा दिवसांपलीकडे न्यायची तर सरकारची मंजुरी लागते; म्हणून पंधरा दिवस संपले की पुष्कळदा नवा आदेश निघतो. एका पावसाळ्यात आम्ही सात टंकलेखक डोक्यावर पत्रा मिळावा म्हणून निवेदन द्यायला निघालो होतो. एका पोलीस अधिकाऱ्याने अडवून, मनाई आदेश लागू आहे, चौघांनीच जा, असे सांगितले. तिघे मागे थांबले. पत्र्यासाठी निवेदन देण्याने कोणती शांतता भंगणार होती, हे त्यालाही सांगता आले नसते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल, असे म्हटले. तो निकाल फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या कलम १४४ बद्दल होता, कलम ३७ त्यात नव्हते. पण तत्त्व वेगळे कसे असेल?

महोदय, कायदा सभागृहात कसा मंजूर होतो, यावरच तो पुढे कोणाच्या मानेवर बसतो हे ठरते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-अ, म्हणजे इंटरनेटवरच्या 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षेचे कलम, घालणारी दुरुस्ती लोकसभेने डिसेंबर २००८ मध्ये गोंधळात, चर्चेविना मंजूर केली. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्याचा फटका आमच्या जिल्ह्याला बसला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने लाइक केला होता. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. पण २००८ मध्ये खासदारांनी ते वाचून, एकेक शब्दावर प्रश्न विचारून मत दिले असते, तर त्या मुलींना पोलीस ठाण्यात जावे लागले असते का? आणि हे कोणत्या एका पक्षाचे नाही. २०२२ मध्ये फेसबुकवर टाकलेल्या मजकुरासाठी एका मराठी अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी नवी मुंबईतून ताब्यात घेतले, ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत होती. तिचा मजकूर मला अजिबात पटलेला नव्हता. २०२५ मध्ये पुण्यात एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी तुरुंगात टाकले, उच्च न्यायालयाने तिला सोडवले. तीन वेळा तीन वेगळी सरकारे होती.

आता १० जुलै २०२५ चा दिवस. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झाले. त्याआधी ते संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले, लोकांकडून १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदलही झाले. समितीकडे पाठवले हे योग्यच झाले, त्याबद्दल मी सरकारचे आणि विरोधकांचे दोघांचेही आभार मानतो. पण संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे, अजामीनपात्र गुन्हे निर्माण करणारे ते विधेयक शेवटी मंजूर झाले आवाजी मतदानाने. उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. बाकीच्यांचे काय? माझ्या आमदाराने त्या वेळी 'होय' म्हटले की 'नाही' म्हटले, की ते सभागृहात नव्हतेच, हे मला कोणत्याही नोंदीत सापडत नाही. मी शोधले. आवाजाची नोंद नसते.

तेच ४ जुलै २०२२ आठवा. विश्वासदर्शक ठराव होता. शिरगणती झाली. एकेक आमदार जागेवर उभा राहून आपला क्रमांक सांगत होता आणि आम्ही कोर्टनाक्यावरच्या चहाच्या टपरीत टीव्हीवर ते बघत होतो. १६४ विरुद्ध ९९. कोण कुठे उभा आहे, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. सरकार राहणार की जाणार, हा प्रश्न असतो तेव्हा एकेक डोके मोजता येते. मग मी घरात राहणार की जिल्ह्याबाहेर जाणार, हा प्रश्न असतो तेव्हा का मोजता येत नाही?

मी मागतो आहे ते आपल्या हातातले आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०८ ने सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी संसदेकडे जायला नको, घटनादुरुस्ती नको. अनुच्छेद २१२ प्रमाणे कामकाजाच्या पद्धतीत चूक झाली एवढ्याच कारणाने न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणजे या एका बाबतीत आमच्यासाठी आपल्यावर दुसरे कोणीच नाही. नियम एवढाच करावा : ज्या विधेयकाने कोणाला अटक, स्थानबद्ध, हद्दपार करण्याचा किंवा सभेला, बोलण्याला, लिहिण्याला मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळतो, त्यावर आवाजी मतदान होणार नाही. प्रत्येक सदस्याचे मत नावासह छापले जाईल. विधेयकाचा मराठी मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर राहील. केंद्र सरकारने २०१४ साली आपल्या खात्यांसाठी हीच मुदत धोरण म्हणून मान्य केली आहे. आणि असा अधिकार देणाऱ्या कायद्याला पाच वर्षांची मुदत असावी. ती संपली की सरकारने सभागृहात यावे, किती वेळा वापरला ते आकड्यांनिशी सांगावे आणि पुन्हा मत घ्यावे.

मोजणीचा आग्रह कशासाठी, त्याचे एक उदाहरण देतो. पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहार सरकारचे अध्यादेश मोजले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश, विधानसभेपुढे न नेता पुन्हा पुन्हा काढलेले, त्यातले काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ च्या डिसेंबरात न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. अध्यादेश राजपत्रात छापलेले होते, म्हणून एका प्राध्यापकाला ते मोजता आले. आमच्या आमदारांची मते छापलेलीच नाहीत.

पक्षादेशाची अडचण मला माहीत आहे. व्हिप मोडला तर आमदारकी जाते, मग नावानिशी मत घेऊन काय होणार, असे वकीलसाहेब मला म्हणाले. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की अपात्रतेची टांगती तलवार विश्वास-अविश्वास ठराव, अर्थविधेयक अशा मोजक्या प्रसंगांपुरती ठेवावी. तो बदल संसदेच्या हातात आहे. पण तोवरही सभागृहाने ठराव करून ती मागणी केंद्राकडे पाठवायला काय हरकत आहे? आणि व्हिप असला तरी नाव छापले जाते, तेव्हा माणूस मत देण्याआधी निदान विधेयक उघडून बघतो.

लोकप्रतिनिधी नसले की काय होते, हे नवी मुंबई आणि ठाण्याने भोगले आहे. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. आधी करोना, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. एवढी वर्षे आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक त्यांनीच मांडले आणि त्यांनीच मंजूर केले. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एक झाले होते.

आणीबाणीत खटल्याविना तुरुंगात राहिलेल्यांना आपले राज्य मानधन देते. ते योग्य आहे. त्या माणसांना कोणत्या कागदावर आत टाकले होते, ते कागद कोणी तरी माझ्यासारख्यानेच टाइप केले असतील. मला तो विचार रात्री झोपताना येतो.

हे पत्र स्पीड पोस्टने आपल्याकडे आणि एक प्रत माझ्या मतदारसंघाच्या आमदारांकडे पाठवत आहे. त्यांना मी एकच प्रश्न विचारला आहे : १० जुलै २०२५ रोजी आपण काय मत दिले? आपल्याला विनंती अशी की, येत्या अधिवेशनात हा विषय नियम समितीपुढे ठेवावा आणि ठेवला की नाही ते कळवावे. दोन ओळींचे उत्तर असले तरी चालेल. त्या बाई पुढच्या वेळी आल्या की त्यांना दाखवीन.

कळावे,

आपला नम्र,
एक टंकलेखक
कोर्टनाका, ठाणे