मंत्रीसाहेब, झरा वाचवायचा असेल तर आधी वरचा सडा वाचवा

मा. पाणीपुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब नमस्कार,

सह्याद्रीतल्या झऱ्यांबद्दल लिहितोय. धरणं, कालवे, टँकर यावर सगळे बोलतात, झऱ्याचं नाव कुणी काढत नाही, आणि इकडे घाटमाथ्यावरच्या कितीतरी वाड्या आणि धनगरवाडे अजून झऱ्याच्याच पाण्यावर आहेत. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री या नद्याही महाबळेश्वरच्या डोंगरात झऱ्यांतूनच निघतात, तिथे आपण सगळे हात जोडतो, पण तसाच झरा एखाद्या वाडीच्या वर असला तर त्याची साधी नोंदही नसते.

आमच्या वरचा झरा कातळाच्या पायथ्याला बोटभर फटीतून येतो, भोवती नेचे, शेवाळ, दगडाखाली खेकडे. पूर्वी तिथे बांबूची पन्हळ लावलेली असायची, पाणी दगडी डोणीत पडायचं, माणसांचं भरून झालं की उरलेलं गुरांना आणि मग खालच्या खाचरात. मग योजना आली. ठेकेदाराने पाणी वाढावं म्हणून ब्रेकर लावून ती फटच फोडली, वर काँक्रीटची टाकी बांधली, बोर्ड रंगवला, फोटो काढले, आणि पाण्याने खाली दुसरीच वाट धरली. आता टाकी आहे, नळ आहे, एप्रिलमध्ये पाणी नाही. आणि हे ज्या पट्ट्यात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो तिथलं सांगतोय, हे बघून खरंच जीव तुटतो.

साहेब, झरा म्हणजे फक्त ती फट नाही. पावसाचं पाणी वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर पडतं, जांभ्या दगडातून झिरपतं, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. जिथे जांभा नाही तिथे काळ्या दगडाच्या भेगांतून आणि कुजलेल्या थरांतून तेच होतं. म्हणजे पाणी साठतं वर आणि दिसतं खाली, आणि आपला सगळा खर्च जिथे दिसतं तिथे. वर मात्र जेसीबी लावून प्लॉट पाडणं चाललंय, सडा सपाट करतात, चिरेखाणी खणतात, बंगल्यांसाठी बोअर मारतात, आणि त्यातला एखादा बोअर त्याच भेगेला लागला की खालची वाडी कोरडी.

कायदा नाही असंही नाही. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी घातली होती, नंतर २००९ चा भूजल कायदा आला. पण डोंगरात नुसतं अंतर मोजून काय होणार, दगडाचे थर ज्या बाजूला कललेत त्या बाजूला पाणी जातं, त्यामुळे झरा एका गावात आणि त्याला पाणी पुरवणारा सडा खिंडीपलीकडच्या दुसऱ्याच गावात असं होऊ शकतं. हे बघायला भूगर्भशास्त्राचा माणूस लागतो, आणि तुमच्याच खात्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत असे लोक आहेत.

सिक्कीमने २००८ पासून धारा विकास नावाने हेच केलं, आधी कुठल्या झऱ्याला पाणी कुठून येतं ते शोधलं, मग तिथे वरती रोजगार हमीतून चर खणले, आणि उन्हाळ्यात आटणारे झरे परत वाहायला लागले. तिथला दगड वेगळा आहे मान्य, पण शोधायची पद्धत आपल्याला घेता येतेच ना.

म्हणून मागणी एवढीच की घाटमाथा आणि कोकणातल्या प्रत्येक वाडीच्या झऱ्याची नोंद करा, त्याला पाणी पुरवणारा भाग नकाशावर आखा, आणि तिथे प्लॉटिंग, खाण किंवा बोअरला परवानगी द्यायच्या आधी खाली पाणी पिणाऱ्या वाडीला विचारणं सक्तीचं करा, मग ती वाडी दुसऱ्या ग्रामपंचायतीत का असेना. झऱ्याच्या तोंडाशी ब्रेकर लावायला तर सरळ बंदीच घाला. आणि प्रवाह दर महिन्याला मोजायला सांगा, त्याला बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरतं, बायाबापड्या पण करतील.

तुमचा दौरा जमला तर बरं होईल, पण मे महिन्यात या. पावसाळ्यात आलात तर सगळा डोंगरच वाहत असतो, तेव्हा कुठला झरा मेलाय ते कळत नाही.

आपला,
घाटमाथ्यावरच्या एका वाडीतला रहिवासी