निर्माल्यातला धोतरा

महोदय,

महाशिवरात्रीला वाहिलेली धोतऱ्याची काटेरी फळे नंतर देवळाच्या आवारात पडून राहतात. ती उकलली की बिया सांडतात, आणि विष सर्वांत जास्त बियांतच. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात चोर अन्नात धोतरा कालवून माणसाला बेभान करतात, असे लिहिले आहे.

आज चुकून खाल्ले जाण्याचा धोका अधिक, कारण या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. फरक असा: मिरचीची बी फिकट, चपटी, तिखट. धोतऱ्याची पिवळसर तपकिरी, जाड, कडू. शिजवूनही विष जात नाही. साधारण अर्ध्या-एक तासात तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग लाल व तापलेले पण घाम नाही, नाडी जलद, लघवी अडते, बडबड सुरू होते. ही बडबड पाहून घाडीकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, धावणारे आजही आहेत! वेळ तिथेच जातो. उलटी करवू नये, ताक-लिंबू पाजत बसू नये. १०८ ला फोन करून उरलेले फळ किंवा बिया सोबत न्याव्यात.

देवस्थान समित्यांनी ही फळे त्याच संध्याकाळी हातमोजे घालून वेगळी काढावीत. जाळू मात्र नयेत, धूरही बाधतो.

— एक औषधविक्रेता, फोंडा