ऑडिओलॉजिस्ट मॅडम, तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचंच राहिलं होतं

मॅडम, फी भरायची, फाइल उचलायची आणि रिक्षा बघायला पळायचं, यात आभार मानणं राहूनच जातं. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण आमच्यासारखे आईबाबा अजून असतील.

ओमीचं तुम्हाला माहितीच आहे. मिक्सर लागला की कानावर हात ठेवून पलंगाखाली, मॉलमधलं हात वाळवायचं मशीन नुसतं दिसलं तरी बाथरूमला जाणार नाही, कुकरच्या शिट्टीचं तर विचारूच नका, आणि हाच मुलगा टीव्ही मात्र फुल आवाजात बघतो, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, की नाटकं आहेत, लाडावलाय. सासूबाई बिचाऱ्या चांगल्या मनाने कानात तेल घालायला निघाल्या होत्या.

तुम्ही ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं याची तपासणी केली, रिपोर्ट नॉर्मल आला. आधी एका ठिकाणी इथपर्यंत येऊन 'काही नाही, घरी जा' झालं होतं. तुम्ही मात्र थांबला नाहीत, आवाज हळूहळू वाढवत त्याला नकोसं कधी होतं तेही बघितलंत. बाकीचे लोक 90-100 डेसिबलपर्यंत निभावतात, हा त्याच्या कितीतरी आधीच 'बास' म्हणाला. हायपरॲक्युसिस हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याला बारीकसारीक आवाज आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतात असं नाही, कान ठीक आहेत, पण आलेला आवाज मेंदू फारच जोरात घेतो, हे तुम्ही सासूबाईंनाही समोर बसवून सांगितलंत. आणि टीव्हीचं कोडं तर एका वाक्यात सोडवलंत, रिमोट त्याच्या हातात असतो ना, मिक्सर कधी सुरू होणार हे त्याला कुठे माहिती असतं! आमच्या घरातली निम्मी भांडणं त्या दिवशी मिटली.

आम्ही कान झाकायचे मोठे हेडफोन घेऊन दिवसभर घालून ठेवणार होतो. तुम्ही म्हणालात, ढोलताशा, फटाके असतील तिथे जरूर घाला (खरं तर तिथे आपण सगळ्यांनीच घालायला हवेत), पण घरात नको, कारण सतत शांतता मिळाली की मेंदू आवाज अजूनच वाढवून घेतो आणि मग उद्या पंख्याचाही त्रास सुरू होतो. हे मला गूगलवर रात्र रात्र शोधून पण नीट कळलं नव्हतं.

हो, आणि ऑटिझमचा विषय मीच घाबरत घाबरत काढला होता. त्या मुलांमध्ये आवाजाचा त्रास खूप दिसतो, पण आवाजाचा त्रास असलेलं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं, एकदा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांची वाढ-विकास बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं इतक्या साध्या सुरात बोललात की मला त्या रात्री झोप लागली.

आता मिक्सरचं बटण ओमीच दाबतो, एक दोन तीन म्हणून, दाराजवळ उभ्या मला ओरडून सांगून. चटण्या जरा जास्तच होतायत. शाळेत तुमची चिठ्ठी दिली, बाईंनी त्याला घंटेपासून लांबच्या बाकावर बसवलंय. कुकर अजून जमत नाही, वरण पातेल्यात शिजतं, गॅस जातो जास्त, जाऊदे.

पुढची अपॉइंटमेंट गणपती झाल्यावर घेते. यंदा घरच्या आरतीला झांज ओमीकडे द्यायची ठरलंय, आयडिया सासूबाईंची.

— ओमीची आई