बाबा, जाब कुणाला विचारायचा?

डब्लिन,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की मिहॉल मार्टिन पुन्हा आयर्लंडचे पंतप्रधान झाले, कोविडच्या वेळचे तेच ना, मग लोकांनी त्यांना काही विचारलं की नाही? मी दवाखान्यात ड्यूटीला निघाले होते, म्हणून घाईत फोन ठेवला. पण हे फोनवर उरकण्यासारखं नाहीच. तेव्हा आज सुट्टी आहे तर सगळं सविस्तर लिहिते.

आधी वराडकरांबद्दल, कारण तुम्ही त्यांची बाजू घेणार हे मला ठाऊक आहे. २०१७ साली लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले तेव्हा अख्ख्या मालवण तालुक्याला आनंद झाला होता. २०१९ च्या डिसेंबरात ते कुटुंबाला घेऊन आपल्या वडिलांच्या गावी वराडला येऊन गेले, तेव्हाही तुम्ही 'आपलो माणूस' म्हणून किती कौतुकानं सांगत होतात. ते कौतुक मलाही आहे. साथ आली तेव्हा त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवलं आणि आठवड्यातून एकदा रुग्णांचे फोन घ्यायचं काम पत्करलं. सुरुवातीच्या त्या महिन्यांत लोकांनी सरकारचं ऐकलं ते काही पोलिसांच्या धाकानं नाही. खरं काय ते आपल्याला सांगतायत, असं वाटत होतं म्हणून ऐकलं.

जून २०२० मध्ये फिना फॉल, फिन गेल आणि ग्रीन अशा तीन पक्षांचं सरकार आलं. फिना फॉलचे मार्टिन पंतप्रधान, फिन गेलचे वराडकर उपपंतप्रधान. हे दोन मोठे पक्ष जवळजवळ शंभर वर्षं एकमेकांविरुद्ध लढत आलेले. तेच एकत्र बसले, म्हणजे काही चुकलं तर विरोधात उभं राहून विचारणारा एक मोठा पक्ष कमी झाला. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, आता येतं.

साथीसाठी तज्ज्ञांची एक समिती होती, नेफेट म्हणायचे तिला. तिचे प्रमुख टोनी होलोहान, देशाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. समिती सरकारला पत्र लिहून सल्ला द्यायची आणि ती पत्रं पुढे प्रसिद्ध व्हायची. बाबा, मला ही इथली फार मोठी गोष्ट वाटते. कुणी काय सांगितलं आणि कुणी काय ठरवलं, ते कागदावर आहे. नंतर कुणाला 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायची सोय नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये समितीनं सांगितलं, सगळा देश पाचव्या पातळीवर न्या, म्हणजे जवळजवळ पूर्ण लॉकडाउन. सरकारनं ते नाकारलं आणि तिसरी पातळी लावली. त्याच रात्री वराडकर टीव्हीवर म्हणाले की हा सल्ला अचानक आला, त्याचा नीट विचार झालेला नाही. ज्यांनी सल्ला दिला त्यांच्यापैकी कुणाची नोकरी जाणार नाहीये, असंही बोलले. पुढे पंधरवडाभरातच सरकारला पाचवी पातळी लावावी लागली. ते दोन आठवडे आमच्या वॉर्डात कसे गेले, ते मी कधी विसरणार नाही.

पण खरा प्रश्न डिसेंबरचा. सहा आठवडे सगळं बंद ठेवल्यावर इथली लागण युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांच्या रांगेत आली होती. पंतप्रधान लोकांना अर्थपूर्ण ख्रिसमस देऊ म्हणत होते. समितीचं म्हणणं साधं होतं. लोकांना ख्रिसमसला एकमेकांच्या घरी जाऊ द्यायचं असेल, तर हॉटेलं आणि पब बंदच ठेवा, दोन्ही एकदम झेपणार नाही. सरकारनं दोन्ही केलं. ४ डिसेंबरला जेवण देणारे पब आणि हॉटेलं उघडली, १८ तारखेपासून घरोघरी जायला परवानगी दिली. पबमध्ये बसायचं तर निदान नऊ युरोचं जेवण मागवायचं, असा नियम होता. जणू ताटातलं जेवण नऊ युरोचं झालं की विषाणू दाराबाहेर थांबेल! ख्रिसमसच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला हॉटेलं आणि पब पुन्हा बंद करावे लागले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

८ जानेवारी २०२१ ला एका दिवसात ८,२४८ नवे रुग्ण नोंदले गेले. हा देश अवघ्या पन्नास लाखांचा आहे, बाबा. त्या आठवड्यात लोकसंख्येच्या मानानं जगात सगळ्यात जास्त लागण इथं होती. महिन्याच्या मध्याला दोन हजारांवर माणसं दवाखान्यात होती आणि त्या एका जानेवारीत हजाराहून जास्त मृत्यू नोंदले गेले.

मी तेव्हा तुम्हाला यातलं फारसं कळवलं नाही, आई घाबरली असती. आमच्या वॉर्डातल्या अर्ध्या नर्स स्वतःच आजारी, त्यामुळे उरलेल्यांच्या पाळ्या संपतच नव्हत्या. वॉर्डात एक टॅब होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो या खाटेवरून त्या खाटेवर न्यायचा, दरवेळी पुसायचा आणि पेशंटच्या तोंडासमोर धरून उभं राहायचं. एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. पलीकडून मुलगा सारखं एकच विचारत होता, की ख्रिसमसला मी घरी यायला नको होतं का गं आई? त्यांना ऑक्सिजनच्या मास्कमधून बोलता येत नव्हतं, त्या नुसता हात हलवत होत्या. मला तेव्हा इतका राग आला. सरकारनं जा म्हटलं म्हणून हा मुलगा घरी गेला, आणि आता अपराध मात्र त्याच्या डोक्यावर! त्या गेल्या तेव्हा अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. इथल्या गावांत लोक मग रस्त्याच्या दुतर्फा अंतर ठेवून उभे राहायचे आणि शववाहिका मधून हळू जायची.

राजीनामे इथं झालेच नाहीत असं नाही. त्याआधी, २०२० च्या ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लिफडन गावात खासदारांच्या गोल्फ मंडळाची मेजवानी झाली. ऐंशीएक माणसं, आणि आदल्याच दिवशी सरकारनं नियम कडक केलेले. कृषिमंत्री डॅरा कॅलरी दोन दिवसांत गेले, युरोपीय संघातले आयर्लंडचे आयुक्त फिल होगन आठवडाभरात गेले. लोक खवळले होते आणि ते योग्यच होतं. मेजवानी भरवणाऱ्यांवर खटला झाला, त्यात ते पुढे निर्दोष सुटले. पण एका जेवणासाठी मंत्री घरी जातो, आणि ज्या निर्णयानंतर एकट्या जानेवारीत हजार माणसं गेली त्यासाठी एकाचंही पद जात नाही, हे मला आजही पटत नाही. जेवणाचा फोटो काढता येतो, मंत्रिमंडळाच्या बैठकीतल्या निर्णयाचा काढता येत नाही, म्हणून असं होत असेल का?

सरकारची बाजूही सांगते. त्यांनी बोट दाखवलं ते ब्रिटनमधून आलेल्या विषाणूच्या नव्या प्रकाराकडे. तो आला होता हे खरं, आणि जानेवारीत झपाट्यानं पसरला हेही खरं. पण आकडे चढायला लागले तेव्हा त्याचा वाटा थोडाच होता. सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. लोक थकले होते, म्हातारी माणसं एकटी पडली होती, हॉटेलांत काम करणाऱ्यांची पोटं आठवड्याच्या साडेतीनशे युरो सरकारी मदतीवर चालली होती, हेही खोटं नाही. निवडून आलेल्या सरकारला तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवायचा हक्क आहे, हे मी मानते. फक्त तो हक्क वापरला की पुढचं उत्तरही त्यांनीच द्यायला हवं.

आणि तिथंच सगळं अडलंय. ब्रिटनमध्ये कायद्याचं बळ असलेला आयोग आहे. माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना डिसेंबर २०२३ मध्ये शपथेवर साक्ष द्यावी लागली, सरकारी लोकांचे व्हॉट्सॅप संदेश जगानं वाचले. इथं चौकशीचं नुसतं आश्वासन वर्षानुवर्षं मिळत राहिलं. शेवटी २०२४ संपता संपता प्राध्यापक अॅन स्कॉट यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमलं. त्या नर्सिंगच्या क्षेत्रातल्या आहेत, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण मंडळाला कुणालाही बोलावून बसवण्याचा अधिकार नाही. काय शिकता येईल ते पाहायचं, दोष कुणाला द्यायचा नाही, असं आधीच ठरलेलं. पहिल्या लाटेतले निम्म्याहून जास्त मृत्यू नर्सिंग होममधले होते. त्यांच्या नातेवाइकांनी साक्षी-पुराव्यांची चौकशी मागितली होती, ती त्यांना मिळाली नाही.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत प्रचार झाला तो घरांचा, भाड्यांचा आणि महागाईचा. मार्टिनांच्या पक्षाला सगळ्यात जास्त, ४८ जागा मिळाल्या. म्हणजे बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की मतपेटीतून हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मी लोकांना दोष देत नाही. घरभाड्यात अर्धा पगार जातो तेव्हा माणूस चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर घेऊन मतदानाला जात नाही. म्हणून तर कायद्यानं बसवलेला आयोग हवा होता. लोकांना विसर पडला तरी त्यानं विचारत राहायचं असतं.

मंडळानं लोकांचं म्हणणं मागवलं तर मी लिहून पाठवणार आहे. कुणाचंही नाव न घेता, फक्त आमच्या वॉर्डातला तो महिना. आमच्यातल्या आणखी दोघीतिघी तयार आहेत. वराडकरांबद्दल तुमचं म्हणणं वेगळं असेल तर पत्रानंच कळवा, फोनवर आपलं भांडण होतं आणि आई मध्येच फोन काढून घेते.

तुमच्या बीपीच्या गोळ्या चुकवू नका. दादा-वहिनीला आठवण सांगा, आईला नमस्कार.

तुमची,
सुमी